कालचं हवामान दाखवा

दोरावर काम करणाऱ्यांत त्याला वारेमास्तर म्हणत. मास्तर तो कधीच नव्हता, शाळेत विद्यार्थी म्हणूनसुद्धा आठवीपर्यंतच टिकला. पण रोज सकाळी सात वाजता, उंच इमारतीच्या पायथ्याशी, बादल्या भरून उभ्या असलेल्या तेवीस माणसांसमोर तो खिशातून फोन काढायचा आणि हवामानाच्या अ‍ॅपमधला वाऱ्याच्या वेगाचा आकडा मोठ्याने वाचायचा. आकडा पंचविसाच्या आत असला की माणसं वर जायची. जास्त असला की बादल्या उपड्या घालून त्यांच्यावरच बसायची. 'पंचविसाच्या वर, पाय जमिनीवर' हा नियम त्यांचा त्यांनी केलेला होता, कुठल्या कागदावर नव्हता. कागदावर ठेकेदाराने वेगळंच लिहून दिलं होतं. प्रत्येक गच्चीवर वारा मोजायचं मीटर बसवलेलं आहे, असं. ते मीटर चौदा वर्षांत एकाही माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. भूतसुद्धा कधीतरी कुणाला दिसतं.

काचा पुसणं हे काम खालून बघणाऱ्याला गमतीचं वाटतं. चाळीस मजले, बाहेरून नुसती काच. गच्चीवरून दोन जाड दोरांवर लोखंडी झुला सोडतात. त्यात उभं राहून साबणाचं पाणी मारायचं, रबरी पट्टीने ओढून काढायचं, मजला झाला की खाली सरकायचं. शिवाय प्रत्येकाच्या पाठीला आणखी एक दोर असतो, त्याला जिवाचा दोर म्हणतात. झुला तुटला तरी जिवाचा दोर माणसाला धरून ठेवतो. म्हणजे पडण्यापासून वाचवायची सोय आहे. आपटण्यापासून वाचवायची सोय कुणी काढलेली नाही. तिथे आकडा हीच सोय.

बारक्या गेला तो आपटून.

त्याचं नाव बारक्या, अंगाने चांगला रेड्यासारखा. लहानपणी चिकटलेलं नाव, मोठेपणी कुणी काढायला गेलं नाही. वारेमास्तर आणि तो, दोघांनी चौदा वर्षं एकाच झुल्यात काढली होती. सकाळी पट्टा कसताना खाली मान घालूनच बारक्या विचारायचा, "किती?" आणि आकडा ऐकला की त्यावर काहीतरी बोलल्याशिवाय त्याचा पाय उचलत नसे. त्या दिवशी वारेमास्तर म्हणाला, "नऊ."

"नऊ? नऊपेक्षा माझी बायको चहावर फुंकर मारते ती जोरात असते."

माणसं हसली. म्हणूनच पुढे जेव्हा चौकशी झाली तेव्हा बावीसच्या बावीस माणसांना आकडा पाठ होता. नऊ.

गच्चीवर दोर सांभाळणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता. म्हणून वारेमास्तर वर थांबला आणि बारक्या झुल्यात एकटा उतरला. दहा वाजून वीस मिनिटांनी दोन इमारतींच्या मधल्या फटीतून वारा आला. आधी तो दिसला नाही, ऐकूही आला नाही. आधी दोर गुणगुणला. वारेमास्तरचा हात दोरावर होता, आणि तळहातातून कोपरापर्यंत ती गुणगुण चढत गेली. मग झुला एकतिसाव्या मजल्यापाशी पतंगासारखा उचलला गेला आणि कोपऱ्यावरच्या दगडी खांबावर आडवा बसला. एकदा. मग परत एकदा. जिवाचा दोर शाबूत होता. पट्टा शाबूत होता, हूक शाबूत होता. माणूस तेवढा राहिला नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेर, लाकडी बाकावर बसून वारेमास्तरने अ‍ॅप उघडलं. सकाळचा आकडा त्याला परत बघायचा होता. नऊच होता ना, एवढंच. पडद्यावर सगळ्यात वर लिहिलेलं होतं, 'आत्ता'. त्याच्या पुढे आठ वाजता, नऊ वाजता, उद्या, परवा, येता शनिवार. मागे काही नाही. बोटाने उजवीकडे ओढलं, डावीकडे ओढलं, वर ओढलं. सकाळचे सात त्या अ‍ॅपमध्ये नव्हतेच. दहा दिवसांनंतरचं आभाळ त्याला ठाऊक होतं, आणि आज सकाळी आपण काय बोललो हे ठाऊक नव्हतं. अशी माणसं वारेमास्तरने आयुष्यात पुष्कळ पाहिली होती, निवडणुकीला उभी राहतात ती.

आणि तेव्हा, त्याच बाकावर, त्याच्या मनात ती गोष्ट आली.

त्याच्या अ‍ॅपमध्ये दोन गावं होती. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली तेव्हा जायच्या आदल्या दिवशी तिनेच त्याच्या फोनमध्ये ते शहर घालून दिलं होतं. "हे बघा बाबा, उघडलं की तुम्ही. बोट सरकवलं की मी." तेव्हापासून तो रोज सकाळी आधी तिचं शहर बघायचा. तिकडे पाऊस असला की फोन करायचा, "छत्री घेतलीस का?" मग परत बोट सरकवून आपलं बघायचा. सगळ्या माणसांना हे ठाऊक होतं, बारक्या तर त्यावरून रोज डिवचायचा.

त्या दिवशी त्याने बोट परत सरकवलं होतं का?

आठवत नव्हतं. लेकीला दोन दिवस ताप होता, म्हणून तिचं शहर जरा जास्त वेळ बघितलं हे आठवत होतं. तेवढ्यात ठेकेदाराच्या मुकादमाने हाक मारली हे आठवत होतं. दोन्हीकडे ढगाचं सारखंच करडं चित्र असतं. गावाचं नाव वर बारीक अक्षरांत असतं, आणि चष्मा खिशात होता. आकडा तेवढा मोठा असतो. नऊ.

त्या दिवसापासून सकाळी सात वाजता तो कुठेही असला, मोरीत, रस्त्यावर, दुधाच्या रांगेत, त्याच्या कानाशी कुणीतरी पट्टा कसायचं. बकलातून चामडं ओढल्याचा तो आवाज. मग खाली मान घालून विचारलेलं, "किती?" त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी गंडा बांधून आणायला पाठवलं असतं, आणि त्याला भुताची भीती नव्हतीच. भीती होती ती उत्तराची. भुताला काय उत्तर द्यायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

आठवड्याने ठेकेदाराने बोलावलं. ठेकेदार हा आवाज न चढवता बोलणारा माणूस. त्याच्या खोलीत गारवा असतो आणि टेबलावर कधीही एकापेक्षा जास्त कागद नसतो. त्या दिवशीचा कागद अपघाताच्या अहवालाचा होता. गच्चीवरचा माणूस म्हणून वारेमास्तरची सही पाहिजे होती.

"वाच आणि कर."

वारेमास्तरने वाचलं. सदर कामगार झुल्यामध्ये हेलकावे घेत असताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

"हेलकावे? तो काय बागेत आला होता खेळायला?"

"हे बघ. वारा किती होता?"

वारेमास्तर कागदावरची ती ओळ परत वाचू लागला.

"नऊ. तूच सांगितलास. बावीस माणसं साक्षीला आहेत. नऊच्या वाऱ्याने झुला हलत नाही. मग तो हलवला कुणी? झुल्यात दुसरं कुणी होतं का?"

"वारा आला. मी हाताने पाहिला."

"हाताचा पुरावा चालत नाही. कुठे नोंद असेल तर दाखव."

"मीटर बसवलं असतं तर असती नोंद. कागदावर आहे तुमचं मीटर. कुठे आहे? तुमच्या खिशात?"

"सही करतोस का?"

वारेमास्तरने कागदाचे चार तुकडे केले आणि टेबलावर नीट रचून ठेवले. एकावर एक. मग बाहेर येऊन त्याने बावीस माणसांना काम बंद करायला लावलं. मीटर बसत नाही तोवर एकही काच पुसली जाणार नाही. त्याचं हे नेहमीचंच होतं. राग आधी, विचार मागून, आणि विचार येईपर्यंत माणसं मागे जमलेली. त्याच्या घसा फोडून बोलण्यात खोट नव्हती. पण त्या बोलण्याच्या तळाशी एक खडा होता, आणि तो फक्त त्यालाच टोचत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

कारण हिशेब सरळ होता. अ‍ॅपने इथला वारा खरंच नऊ दाखवला असेल, तर वारेमास्तर सुटला. पण मग बारक्या हेलकावे घेत होता, असंच अहवालात राहणार. अ‍ॅपने जास्त दाखवला असेल, तर बारक्या सुटला. आणि नऊ हा आकडा लेकीच्या गावचा, म्हणजे बारक्याला वर पाठवलं ते वारेमास्तरच्या चुकीने.

त्याने सरकारी हवामान केंद्राला अर्ज केला. केंद्र शहराबाहेर मोकळ्या माळावर. उत्तर आलं, इमारतींच्या मधल्या वाऱ्याची नोंद आम्ही ठेवत नाही. मग उरलं अ‍ॅप. अ‍ॅपच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणी जात नाही तिथे, एक चौकट होती, 'नवी सोय सुचवा'. लोकांनी सुचवलेल्या सोयी खाली दिसत होत्या, आणि प्रत्येकीपुढे किती लोकांनी मत दिलं त्याचा आकडा. कुणाला पडद्याचा रंग गडद हवा होता. कुणाला कपडे किती वाजेपर्यंत वाळतील ते हवं होतं, त्याला नऊशे मतं होती. कुणाला ढगाच्या जागी मांजर हवं होतं. त्याला अकराशे.

वारेमास्तरने जे लिहिलं ते चौकटीत मावेना. त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, ते पाचशेच अक्षरं घेतं. तुम्ही पुराण लिहिलंय."

"मग तू काप त्यातलं."

"शिव्या काढल्या तरी मावेल." ती वाचत गेली आणि मध्येच थांबली. "पण बाबा, चांगलंय हो. खरंच चांगलंय. हे कुणाला सुचलं कसं नाही?"

"त्यांना कशाला सुचेल? स्वतःचं कालचं बोलणं कुणाला आठवायचं असतं?"

"बारक्याकाकांसाठी ना?"

"हो."

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

दोघांनी मिळून कापून कापून जे उरलं ते असं: 'तुमचं अ‍ॅप उद्याचं सांगतं, दहा दिवसांनंतरचं सांगतं. पण सकाळी तुम्ही काय सांगितलं होतं ते दुपारी विचारलं तर तोंड फिरवतं. खोटारडा माणूससुद्धा आपलं कालचं बोलणं निदान नाकारतो. तुम्ही पुसून टाकता. आम्ही तुमच्या आकड्यावर चाळीस मजले चढतो. मागच्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही जागेसाठी, तुम्ही त्या वेळी दाखवलेला अंदाज जसाच्या तसा बघता आला पाहिजे. खरं हवामान काय झालं ते नको. तुम्ही काय म्हणालात ते हवं. या सोयीचं नाव: कालचं हवामान.'

"पहिलं मत माझं," लेक म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर शून्याचा एक झाला.

दुसऱ्या दिवशी यंत्राने पाठवलेले आभार आले. तिसऱ्या दिवशी वारेमास्तरने परत लिहिलं, तारीख घालून, वेळ घालून, आपल्या इमारतीचा पत्ता घालून. सोय कराल तेव्हा करा, पण या एका सकाळचं सांगा. परत यंत्राचे आभार. त्याने तिसऱ्यांदा लिहिलं, चौथ्यांदा लिहिलं.

त्याची बायको घरात शिलाईचं काम करायची. यंत्रावरची मान वर न करता ती म्हणाली, "माझ्याशी भांडायचा कंटाळा आला वाटतं. आता आभाळाशी सुरू केलंय."

"आभाळाशी नाही. आभाळाच्या दलालाशी."

"सकाळी सातला तुम्ही असे दाराकडे का बघता हो?"

"कुठे बघतो?"

तिने दोरा दाताने तोडला आणि पुढे विचारलं नाही. चोवीस वर्षांचा संसार होता, कुठे थांबायचं ते तिला कळत होतं.

बंद पाच आठवडे चालला. माणसं खचायला लागली. शेवटी ठेकेदाराने बैठक लावली, सरकारी सुरक्षा अधिकाऱ्यासमोर. त्यात अहवाल कायम होणार होता. बैठकीच्या आदल्या दुपारी वारेमास्तर उंबऱ्यावर बसून चपलेला टाका घालत होता, आणि फोन वाजला. या वेळचं उत्तर यंत्राचं नव्हतं. सूचना वाचणाऱ्या एका बाईने ते स्वतः लिहिलेलं होतं.

'तुमची सूचना आमच्या यादीत आहे. ती कधी प्रत्यक्षात येईल हे आत्ता सांगता येत नाही, मतं वाढली तर लवकर येईल. पण तुम्ही एका तारखेबद्दल चार वेळा लिहिलंत, म्हणून मी आमच्या साठ्यातून तेवढं शोधून काढलं. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास तुमच्या जागेसाठी अ‍ॅपवर दिसत असलेला अंदाज: वारा सतरा. दहा वाजल्यापासून वारा चौतीस, झोत अठ्ठावन्नपर्यंत. वर पिवळी पट्टी होती, जोरदार वाऱ्याचा इशारा. हे तुम्हाला कशासाठी हवं होतं मला माहीत नाही. उपयोगी पडेल अशी आशा करते.'

त्याने ते एकदा चष्मा लावून वाचलं. मग पुसून परत लावून वाचलं. सतरा. नऊ कुठेच नव्हता. आणि पिवळी पट्टी. सतरा पंचविसाच्या आतला, पण पट्टी दिसली असती तर त्याने एकालाही वर सोडलं नसतं. त्या सकाळी त्याने कुठलीही पिवळी पट्टी पाहिली नव्हती, याची मात्र त्याला पक्की खात्री होती. तिकडे, तिच्या गावात, सगळं शांत होतं. तिच्या गावात तापाने निजलेली पोर होती आणि नऊचा वारा.

सुई बोटात घुसली होती ते त्याला बायकोने दाखवलं.

त्या दुपारी त्याने बरंच काही ठरवलं आणि मोडलं. निरोप फक्त त्याच्या फोनवर आलेला. अंगठा दाबून धरला की तो जाणार. मग कुणीही कधीही सिद्ध करू शकणार नव्हतं. बंद चालू राहील, मीटरची मागणी चालू राहील, तो पुढारी राहील. फक्त एका मेलेल्या माणसाबद्दल कागदावर लिहिलेलं राहील की तो चाळीस मजल्यांवर झोके घेत होता. आणि सकाळी सात वाजता कुणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं, हे आता वारेमास्तरला ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हतं तेच बरं होतं. तोवर प्रश्नाला निदान दोन तोंडं होती.

बैठकीत ठेकेदार, सुरक्षा अधिकारी, दोरावरची तीन माणसं, वारेमास्तर आणि बारक्याची बायको. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, पिशवी मांडीवर, जणू कधीही उठून जाणार. ठेकेदाराने अहवाल वाचायला घेतला. हेलकावे या शब्दापाशी तिने मान खाली घातली.

"थांबा," वारेमास्तर उठला. "आकडा मी वाचतो. ते माझं काम आहे."

त्याने चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि सकाळी सातच्या त्याच आवाजात, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा, तो निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वारा सतरा. दहापासून चौतीस. झोत अठ्ठावन्न. पिवळी पट्टी. 'उपयोगी पडेल अशी आशा करते' हेसुद्धा वाचलं, कारण गाळायला कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं हे त्याला कळेना.

त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने, बारा वर्षं त्याच्या आकड्यावर वर गेलेल्या माणसाने, आपली खुर्ची चार बोटं लांब सरकवली. मुद्दाम नाही. पण सरकवली.

सगळ्यात आधी ठेकेदार सावरला. "म्हणजे नऊ तू कुठून आणलास?"

"दुसऱ्या गावचा वाचला. अ‍ॅपमध्ये दोन गावं आहेत."

"दुसऱ्या कुठल्या?"

"ते तुमच्या कामाचं नाही."

"मग दोष तुझा."

"माझा." वारेमास्तरच्या कानशिलावरची शीर उडत होती. "लिहा. बारक्याचं नाव खोडा, तिथे माझं घाला. हेलकावे खोडा. आणि खाली हेही लिहा की तेवीस माणसांचा जीव एका आठवी नापास माणसाच्या बोटावर ठेवला होता. बोट इकडचं तिकडे सरकलं की माणूस मेला. कारण कागदावर बसवलेलं मीटर गच्चीवर नव्हतं. माणूस चुकणारच साहेब. मी नाही तर दुसरा. त्याच्या फोनमध्ये दुसरं कुठलं गाव असेल."

सुरक्षा अधिकारी आतापर्यंत घड्याळ बघत होता. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि ठेकेदाराला विचारलं, "मीटर कुठे आहे?"

"मागवलेलं आहे."

"कधी?"

ठेकेदाराने पाणी घेतलं. टेबलावर पहिल्यांदाच दोन कागद झाले.

तासाभरात ठरलं. बारक्याचं नाव अहवालातून निघालं. पंधरा दिवसांत प्रत्येक गच्चीवर मीटर, पंचविसाच्या वर गेलं की दिवा लागणारं. वारेमास्तरला वर्षभर गच्चीवर आणि झुल्यात बंदी. खाली बादल्या भरायचं काम, करायचं असेल तर. तो म्हणाला, करेन. तिन्ही माणसं खाली उतरताना त्याच्याशी बोलली, 'मीटर आलं शेवटी' वगैरे. पण नेहमी मागून पाठीवर थाप पडायची, ती पडली नाही.

जिन्याच्या वळणावर बारक्याची बायको उभी होती.

"लेकीच्या गावचं ना, भावोजी?"

त्याने मान हलवली.

"ते सांगायचे घरी. मास्तर आधी लेकीचं आभाळ बघतो, मग आपलं."

"वहिनी, मी..."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका." ती जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलत होती, त्याच्याकडे नाही. "तुमच्यासाठी म्हणत नाही मी. तुमचं तुम्ही बघा. तुम्ही आज बोललात, नसतं बोललात तरी मला कळलं नसतं, तेही मला दिसतं. पण तुमच्याकडे मला बघवत नाही, आणि कधी बघवेल ते सांगता येत नाही. त्या पोरीने मात्र कुणाचं काही वाईट केलेलं नाही. बाप रोज आपलं आभाळ बघतो यात ती सुखी असेल. असू दे."

ती उतरून गेली. सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तो वळणावर उभाच राहिला, कारण मागोमाग उतरायचं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं.

रस्त्यावर येतो तोच लेकीचा फोन. मधल्या सुट्टीत करते तसा. तिच्या मागे बायका हसत होत्या, कपबशा वाजत होत्या.

"काय झालं बाबा बैठकीत?"

"मीटर देतात. काकांचं नावही काढलं कागदावरून."

"मला ठाऊक होतं. तुमच्यापुढे कोण टिकतंय." ती जरा थांबली. "आणि अ‍ॅपवाल्यांचं काही आलं?"

वारेमास्तर आयुष्यात ठेकेदारांशी खोटं बोलला होता, पोलिसांशी बोलला होता, एकदा न्यायाधीशाशीही. लेकीशी खोटं बोलायची वेळ आली नव्हती.

"नाही. यंत्राचे आभार, दुसरं काय."

"आलं पाहिजे. मी सोडणार नाहीये. ऐका ना, मी इथल्या सगळ्यांना सांगितलंय. काकांची गोष्ट सांगितली, आमचा अख्खा मजला मत देतोय. खालच्या मजल्यावरच्यांना पण सांगितलं, त्यांनी त्यांच्या घरच्यांना. तेराशे झाले बाबा. मांजराच्या पुढे गेलात तुम्ही." तिला हसू आवरत नव्हतं. "आता त्यांना करावीच लागेल ती सोय. आली की पहिलं काम, मी तो दिवस काढून बघणार. तुमच्याकडे काय होतं, माझ्याकडे काय होतं, सगळं. एकदा कळलं पाहिजे ना."

"कशाला? आता नाव तर निघालं."

"तरी. खरं काय ते कळायला नको का? तुम्हीच शिकवलंत." मग आवाज बारीक करून, "बाबा, तुम्ही स्वतः मत दिलंत का? स्वतःच्या सूचनेला देता येतं."

"राहिलंय."

"राहिलंय काय? द्या आत्ता. मी इकडे आकडा उघडून बसलेय, बघू वाढतो का."

त्याने फोन कानापासून काढला. चौकट उघडली. त्याचेच शब्द होते, तिने कापून नीट केलेले. कालचं हवामान. खाली तेराशे सात. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागच्या बायकांपैकी कुणीतरी विचारत होतं, दिलं का गं तुझ्या बाबांनी?

त्याने बोट टेकवलं.

"आलं," ती म्हणाली.